सीमेपलीकडची खाट

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. रत्नाकरला फोनवरच ओवाळलं. तो पुण्यात पाटावर बसला आणि मी इथे काशीत, दूधविनायकाच्या गल्लीत, मोबाइलसमोर निरांजन फिरवलं. मागच्या खोलीत बाबा कण्हत होते. रत्नाकर म्हणाला, "ताई, आवाज इथपर्यंत येतोय गं." मग मी घाईघाईनं फोन ठेवला. भावाला धड आशीर्वादही दिला नाही.

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे उन्हाळ्यात कळलं. औषधं झाली, चकरा झाल्या, आणि गेल्या आठवड्यात इथल्या रुग्णालयानं सांगितलं की आता उपाय थांबवू, घरी न्या, दुखण्याच्या गोळ्या देत राहा. गोळी पोटात ठरली तर उपयोग! घेतली की पाच मिनिटांत बाहेर. वेणीमाधवशास्त्री म्हणून ज्यांच्यापुढे अख्खी गल्ली वाकते, ते माझे बाबा आज उशीचा कोपरा दातांत धरून पडले होते. मला खोलीत जायची हिंमत होईना. दारातूनच विचारलं, "चहा देऊ का?" काय हा प्रश्न! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

डॉक्टरांनी एक मार्ग सांगितलाय. राजघाटचा पूल ओलांडला की रामनगरच्या रस्त्यावर एक नवं रुग्णालय आहे. तिथे नुसतं दुखणं शमवण्याचा वेगळा विभाग आहे. बारीक सुईतून औषध दिवसरात्र चालू ठेवतात, घरच्या माणसाला सोबत राहू देतात. खाट लगेच मिळेल.

पण पूल ओलांडून. घोडं इथेच अडलंय. आई गेली तेव्हा बाबांनी मणिकर्णिकेवर पाणी सोडून क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. इथे देह ठेवला तर मोक्ष, आणि गंगेच्या त्या तीरावर मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. चौदा वर्षं झाली, बाबा पूल चढलेले नाहीत. रत्नाकरच्या घराची वास्तुशांत झाली, बाबा गेले नाहीत. जबलपूरला देवव्रत आजारी होते, माझा नवरा, तेव्हा आले नाहीत. ते गेले तेव्हाही आले नाहीत. मी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. रागही धरला नाही. व्रत ते व्रत.

रत्नाकरनं संध्याकाळी परत फोन केला. म्हणाला, "ने ताई. बाबांना कोण सांगायला जातंय?"

५ नोव्हेंबर, मंगळवार

नेलं.

बाबांनी एकदाच विचारलं. "कुठे आहे म्हणालीस?"

"शहरातच. नवीन आहे."

"सीमेच्या आत ना, शरू?"

"हो बाबा."

वर्गात हजेरी घ्यावी तसं सहज तोंडातून गेलं. तीस वर्षं पोरींना शिकवते आहे, खोटं बोललात तर बाकावर उभी करीन. आज मला कोण उभं करणार?

निघताना डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे बाबा गुंगीत होते. गल्लीत गाडी येत नाही, मैदागिनच्या चौकापर्यंत खुर्चीतून नेलं. पुलावर गाडी चढली तशी खालून मालगाडी जायला लागली आणि सगळं धडधडायला लागलं. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून एक हात काढून कपाळाला लावला आणि जोरात म्हणाला, "गंगा मइया की जय!" मी ओठांवर बोट ठेवलं. तो आरशातून माझ्याकडे बघतच राहिला. गंगामाईचं नाव घेऊ नको म्हणणारी बाई बनारसात त्यानं पहिल्यांदाच पाहिली असणार.

खोटं कशाला लिहू, पुलाच्या मध्यावर मला एकदम हलकं वाटलं. बाबांचं दुखणं आता थांबणार म्हणून. दुसरं काय असणार?

६ नोव्हेंबर, बुधवार

बाबा झोपले! सलग झोपले. तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर. मी बाजूच्या बाकड्यावर बसून नुसती बघत होते. दंडाला छोटी सुई, तिला नळी, नळीला हातभर लांबीचंही नाही असं यंत्र. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही त्यांना इतके दिवस तळमळू दिलं.

इथली नर्स इंदू सिस्टर चंदौलीकडची आहे, दणदणीत आवाजाची. सकाळी तिनं मला कामाला लावलं. तोंड कसं पुसायचं, ओठ कोरडे पडू नयेत म्हणून बोळा कसा फिरवायचा, कुशीवर वळवताना उशी कुठे द्यायची. म्हणाली, "दीदी, यहाँ घरवाले मेहमान नहीं हैं. आधा काम आपका, आधा हमारा." मला ते फार बरं वाटलं. जबलपूरच्या दवाखान्यात मला काचेबाहेर उभं करायचे.

एकच झंझट. खिडकी थेट नदीकडे उघडते आणि पलीकडे सगळे घाट ओळीनं दिसतात. बाबा जागे व्हायच्या आधी मी परदा ओढून टाकला. इंदू सिस्टरला सांगितलं, ऊन डोळ्यांवर येतं, बंदच ठेवा.

"धूप तो शाम को आती है इधर, दीदी."

"मुझे आधासीसी है," मी म्हटलं. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बैठक झाली. डॉक्टरीणबाई, इंदू सिस्टर, मी, फोनवर रत्नाकर, आणि तेजश्री नावाची समुपदेशक. तेजश्री रेल्वेवाल्यांची मुलगी, इथल्याच कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, त्यामुळे मराठी बोलते. तिची मराठी ऐकून बाबा इतके खूश झाले की तिला गावगोत्र सगळं विचारलं. बैठक बाबांच्या खाटेशीच घेतली. असा इथला रिवाज आहे म्हणे, रुग्णाच्या पाठीमागे काही ठरवायचं नाही.

तेजश्रीनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

"त्यांना शांतता हवीय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघून हसली आणि परत बाबांकडे वळली. "आजोबा?"

बाबा थोडा वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "शरू सांगते ते बरोबर आहे."

मला केवढं समाधान वाटलं. बाबांनी आयुष्यात कधी कुणाचं बरोबर आहे असं म्हटलेलं मला आठवत नाही.

इंदू सिस्टर रोज विचारते, दहापैकी दर्द कितना? आज बाबा म्हणाले, "शून्य. शून्य हमारे ही लोगों ने खोजा है, सिस्टर." ती खो खो हसली. खूप दिवसांनी बाबांचा विनोद ऐकला.

सकाळी पडल्या पडल्या संध्या करतात. पळीभर पाणी हातात घेऊन संकल्प. घरी मी तो लहानपणापासून ऐकत आले आहे. संवत्सर, महिना, तिथी सांगायची आणि मग आपण कुठे बसलो आहोत ते: अविमुक्त वाराणसीक्षेत्रे, भागीरथ्याः पश्चिमे तीरे. गंगेच्या पश्चिम तीरावर. इथे आल्यापासून बाबा तिथी म्हणतात, मग थांबतात, आणि जागेचा भाग गाळून पुढे जातात. तिन्ही दिवस तेच. इतका पाठ असलेला मंत्र! डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या औषधानं कधीकधी विसरायला होतं. तेच असणार.

११ नोव्हेंबर, सोमवार

यज्ञेश्वरकाकांचा फोन. बाबांचे जन्माचे सोबती, संकठादेवीच्या देवळापाशी राहतात. "शरदिनी, देवीचा प्रसाद घेऊन येतो. कुठल्या मोहल्ल्यात आहे ते सांग फक्त."

"काका, कुणाला आत सोडत नाहीत. संसर्ग होतो."

"बाहेरून दर्शन घेईन त्याचं. लंका मोहल्ल्याच्या बाजूला का?"

"हो, त्याच बाजूला."

"तू आहेस म्हणून वेणीमाधवाचं व्रत तडीला जातंय हो. लेक असावी तर अशी."

फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय उगीच. काका चांगलं बोलले की जास्त लागतं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर आले तर बाबा जागे. "कुणाचा फोन?"

"काकांचा. येतो म्हणत होते."

"नको म्हणालीस ना?"

"हो."

"बरं केलंस," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, आपल्याला अशा अवस्थेत मित्रानं बघू नये असं वाटत असेल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस तिचा नवरा धुतो. धोतर खोचून, बादली घेऊन, शेतकरी माणूस. मी बघत होते आणि एकदम देवव्रत आठवले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "बाबा येतील का गं?" मी म्हटलं, सीमा आहे ना त्यांना. ते हसले. बस, एवढंच. पुढे काही नाही. जिथे तिथे सह्या मी एकटीनं केल्या आणि इथे परत आले. त्याचा या सगळ्याशी काय संबंध? उगीच लिहिलं.

आज बाबांना भरवताना चमचा जरा जोरात लागला दाताला. मी माफी मागितली. ते म्हणाले, लागलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल देवदिवाळी होती. मी साफ विसरले होते. विसरून कसं चालेल! बनारसात राहून देवदिवाळी विसरणारी मी एकटीच असेन.

संध्याकाळी खाली औषधं आणायला गेले होते. परत आले तो वॉर्डातलं टेबल रिकामं, सगळ्या नर्सा खिडक्यांशी. आणि इंदू सिस्टरनं बाबांच्या खिडकीचा परदा पूर्ण बाजूला सारला होता, खाटेची उशाकडची बाजू उचलून त्यांना बसतं केलं होतं. समोर नदीपलीकडे अस्सीपासून राजघाटापर्यंत लाखो दिवे. फटाके उडत होते. "देखिए बाबा, हमारे ई पार से जइसा दिखता है वइसा तो ऊ पार वालों को भी नहीं दिखता!" ती म्हणत होती.

माझ्या हातातून औषधांची पिशवी पडली. बाबांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. दिव्यांचा उजेड होता आणि डोळे ओले होते.

"ये, बस," ते म्हणाले. "तो बघ, राजाघाट, आपल्या मराठी माणसांचा. पायऱ्या बघ कशा चढत गेल्यात. समोरून किती वर्षांनी पाहिला."

मी खाटेच्या कडेला बसले. "बाबा, मी..."

"पुलावर गाडी चढली की चाकांचा आवाज बदलतो, शरू. तुझ्या आईच्या हयातीत मी रोज मुगलसरायला शिकवायला जायचो त्याच पुलावरून. तो आवाज गुंगीत काय, चितेवरसुद्धा ओळखीन."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत नेलं असतंस." ते थांबले. श्वास पुरत नव्हता. "फार दुखत होतं गं. मला वाटायचं मी सोसेन. नाही सोसवलं. इथे आल्यावर पहिल्या दिवशी जाग आली तेव्हा पोटात काही नव्हतं. नुसतं रिकामं, लहानपणी असायचं तसं. म्हटलं, आता हे सोडून कुठे जायचं नाही."

"आणि व्रत?"

"माझं होतं, मीच मोडलं. संकल्पात खोटं कसं बोलणार, म्हणून तेवढं गाळत होतो. गाढव तर गाढव. तुझ्या अंगणात येईन चरायला. हाकलू नकोस म्हणजे झालं."

मी हसले नाही. ते पुढे म्हणाले, आणि हे त्यांनी म्हणायला नको होतं: "देवव्रतरावांच्या वेळी नाही ओलांडली सीमा. तू बोलावलंस, तरी नाही. आणि स्वतःचं पोट दुखलं तशी ओलांडली. बघ तुझा बाप कसला व्रतस्थ." त्यांनी माझा हात धरला. "तुला जाब विचारायचा असेल तर विचार. आता विचार."

"काही नाही बाबा. पडा तुम्ही."

"इथेच राहू दे मला. एवढंच मागतो."

फटाके बराच वेळ चालू होते. मी परदा लावला नाही. लावायचं कारणच उरलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर डोकं भणभणत होतं. आज ठरवलं. बाबांना घरी न्यायचं.

मी नीट विचार केला आहे. बाबा म्हणाले इथेच राहू दे, पण ते माझ्यासाठी म्हणाले. मला अपराधी वाटू नये म्हणून. चौदा वर्षांचं व्रत असं आठवडाभराच्या झोपेवर कुणी सोडून देतं का? ते औषध बोलतंय. मीच खोटं बोलून त्यांना इथे आणलं, मीच त्यांचा मोक्ष घालवला, तर मीच तो परत मिळवून दिला पाहिजे. नाहीतर जन्मभर मनाला खात राहील. आणि एवढी वर्षं सगळ्यांनी ज्या व्रतासाठी सोसलं, ते काय शेवटी पोटदुखीवर सोडायचं? मग ते सोसणं कशासाठी होतं?

हे वाचून पाहिलं. यात काही चूक नाही.

डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. फार तर आठवडा उरलाय, हलवण्यात त्रास होईल, यंत्र घरी चालवता येणार नाही कारण त्या गल्लीत बघणारं कुणी नाही. जिभेखाली ठेवायचे थेंब देतील, ते पुरतीलच असं नाही. मी सांगितलं, त्यांची इच्छा आहे. इच्छाच आहे ना! ती त्यांनी मणिकर्णिकेवर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितली होती.

तेजश्रीची आज सुट्टी. तिचा फोन आला. "मावशी, मी उद्या दहाला येते. आजोबांशी एकदा बोलू या आणि मग ठरवू."

मी हो म्हटलं. गाडी आठची सांगितली आहे. उशीर झाला तर मैदागिनला गर्दी होते.

रत्नाकर म्हणाला, "ताई, तू तिथे आहेस, तू ठरव." सुटला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आणलं. बाबा घरी आहेत. काशीत आहेत.

मैदागिनपासून चौघांनी खुर्चीतून आणलं. दुकानदार उठून उभे राहिले. यज्ञेश्वरकाका दारात शंख घेऊन हजर. रडत होते. "आलास वेणीमाधवा, वेळेवर आलास!" त्यांना मी आज सगळं सांगून टाकलं, पुलापलीकडे होतो ते. म्हटलं, बाबाच म्हणाले, मला घरी ने. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, सुटलीस पोरी.

मलाही वाटलं, सुटले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल दुपारी बाबा गेले.

गल्ली लोटली होती. काय मरण आलं, म्हणाले. काशीत, स्वतःच्या घरात, कानात तारक मंत्र, तोंडात गंगाजल, मांडीवर लेकीच्या. सोन्याचं मरण. रत्नाकर सकाळच्या विमानानं पोचला होता, तो ढसाढसा रडला आणि म्हणाला, ताई, तू होतीस म्हणून.

मरण तसंच आलं. त्याच्या आधीचं कुणी पाहिलं नाही, कारण मी दार लोटून घेतलं होतं. थेंब जिभेखाली ठेवले की लाळेबरोबर गालावर यायचे. रोजावर ठरवलेली एक नर्स सकाळी एकदा यायची, इंजेक्शन द्यायची आणि जायची. दुपार झाली की ते उतरायचं. मंगळवारी बाबा इतके ओरडले की शेजारच्या घरी चाललेला टीव्ही बंद झाला. मी तोंड पुसलं, कूस बदलली, उशी दिली, शिकवलं होतं ते सगळं केलं. ते मला बाजूला सारून दाराकडे बघायचे आणि हाक मारायचे, "सिस्टर! सिस्टर!"

महादेवाला नाही मारली हाक. आईला नाही. मला तर नाहीच.

मी रुग्णालयात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत आणा, खाट ठेवली आहे. परत? काका बाहेर विष्णुसहस्रनाम म्हणत बसले होते. मी म्हटलं, बघते. आणि फोन ठेवला.

३ डिसेंबर, मंगळवार

काल तेरावं झालं. रत्नाकर आज गेला. घरात मी एकटी.

दुपारी तेजश्रीचा फोन. कुणी गेलं की काही दिवसांनी तिथून घरच्यांना फोन करतात, अशी तिथली पद्धत आहे. आधी ती चार शब्द बोलली, मग प्रश्न विचारायला लागली. आजोबांच्या दुखण्याकडे नीट लक्ष दिलं गेलं का? हो. तुम्हाला वेळेवर सगळं समजावून सांगितलं का? हो. शुश्रूषेत तुम्हाला सामील करून घेतलं का? हो, अगदी. निर्णय घेताना तुमचं ऐकून घेतलं गेलं असं वाटतं का?

"माझं सगळं ऐकलं तुम्ही," मी म्हटलं.

"एकूण समाधानी आहात?"

"हो."

मग ती म्हणाली, "हे प्रश्नांत नाहीये मावशी, मीच विचारतेय. त्या दिवशी मी पोचले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. निघताना आजोबा काही म्हणाले का?"

"नाही. काही म्हणाले नाहीत."

हे खरं आहे. ते काही म्हणाले नाहीत. आणि मी घरी आल्यावर इथे काही लिहिलं नाही, काकांना सांगितलं नाही, रत्नाकरलाही नाही. आता लिहिते, कारण तेराव्याचं जेवून सगळे तृप्त होऊन गेले आणि मी रुग्णालय सोडल्याच्या दिवसापासून हात धुते आहे.

गाडीवाले स्ट्रेचर घेऊन आत आले तेव्हा बाबा जागे होते. यंत्र काढलं होतं. मी वाकून म्हटलं, चला बाबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली. घट्ट. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, अंगावर मांस नाही, चार दिवस घोटभर पाण्यावर. इंदू सिस्टर म्हणाली, "रुकिए दीदी. एक बार पूछ तो लीजिए इनसे." मी म्हटलं, विचारलंय. ती पुढे व्हायला तयार होईना, गाडीवाले खाली बघत उभे राहिले. तेव्हा बोटं मीच सोडवली. एकेक करून. एक सोडवलं की दुसरं परत धरायचं. इतका जोर त्या हातांत कुठून आला होता देव जाणे. मी त्यांच्याशी बोलत होते, लहान मुलाशी बोलावं तसं, थोडं राहिलंय, झालंच, म्हणत होते. शेवटी हात सुटले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांना म्हणाले, "तुम्हीच म्हणायचात ना बाबा, व्रत ते व्रत."